गेरूची खूण

१

सोळा सालचा उन्हाळा. तेव्हा आमच्या शहराला औरंगाबादच म्हणायचे, आणि नळाला पाणी आलं की गल्लीत लग्नघर असल्यासारखी पळापळ व्हायची. नेमकी त्याच दिवसांत खंडेराव सरांना सगळं कॉम्प्युटरवर चढवायची हुक्की आली.

सर म्हणजे फोटोग्राफर. बहात्तरच्या दुष्काळापासून मराठवाड्यातला एकही कोरडा उन्हाळा त्यांनी फोटो काढल्याशिवाय सोडला नव्हता. खडी फोडणाऱ्या बाया, भेगाळलेले तलाव, चारा छावणीतली जनावरं, टँकरभोवतीच्या रांगा. ते सगळे फोटो पाकिटांत घालून क्रांती चौकाजवळ, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ठेवलेले. त्या पाकिटांची राखण करायला मी, रत्नमाला. पद ग्रंथपालाचं, काम केर काढण्यापासून सगळं.

"रत्नमालाबाई, जगानं हे घरबसल्या बघायला पाहिजे. पावसाळ्याआधी उद्घाटन करू," सर म्हणाले.

"पावसाळा येणार आहे का पण?" मी म्हटलं. सर काही हसले नाहीत.

सॉफ्टवेअर बसवायला युसरा आली. रोशन गेटकडची पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला फटाकडी. पहिल्याच दिवशी तिनं मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं.

"देखो ताई, घाबरायचं नाही. हे एक कपाट समजा. कपाटात खण, खणात फोटो. काचेवर फोटो ठेवायचा, स्कॅन करायचा, चढवायचा. मग त्याला नाव, साल, गाव. बाकी काही राहिलं तर चालतं, पण नाव पाहिजे. नावाशिवाय ये साहब पुढं सरकतच नाहीत."

"आणि माझ्या हातून चुकलं तर?"

"तर दुरुस्त करायचं. इसमें कुछ मरता नहीं, ताई."

ते वाक्य मला आवडलं. सकाळी आल्यावर माठ झाकलाय का बघायचं, खिडकीची धूळ पुसायची, मशीन चालू करायचं आणि बहात्तरपासून एकेक पाकीट उघडत पुढं यायचं, असा माझा दिवस ठरून गेला. चढवलेला फोटो पडद्यावर रांगेत बारका होऊन येऊन बसायचा. मला त्याची गोडीच लागली. घरी मी आमच्या ह्यांना, रामहरींना, सांगायची की आज अमुक उन्हाळा संपवला. ते वाळूजला कंपनीत जायचे, थकून यायचे. म्हणायचे, "हा चालू उन्हाळा संपव की आधी."

२

मी धनगराची पोर. आमच्यात कळप मोजत नाहीत, मोजला की दृष्ट लागते. माझ्या आबांनी, सोनाजींनी, सोयगावकडच्या रानात जन्मभर मेंढरं राखली, पण किती आहेत विचारलं तर म्हणायचे, "हायेत की." संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरताना ते दाराशी उभं राहून नुसतं बघायचे. एखादं कमी असलं, जास्त असलं, तरी लगेच कळायचं. पुढं चरायची रानं प्लॉटिंगमध्ये गेली, आबांनी कळप विकला आणि ते आमच्याकडं, शहराच्या कडेच्या सातारा परिसरातल्या नव्या वस्तीत राहायला आले. ती नजर मात्र माझ्यात उतरली.

म्हणूनच त्या सकाळी पडदा उघडल्याबरोबर मी थांबले. कालच्या रांगांत एक फोटो माझा नव्हता.

आटलेल्या तलावाची भेगाळलेली जमीन, आणि त्यात पाठमोरी उभी एक सात-आठ वर्षांची पोर. विटका फ्रॉक, कमरेवर पितळी घागर. एक वेणी घातलेली, दुसरी अर्धवट सुटलेली. खाली नाव नाही, साल नाही. सॉफ्टवेअरनं लाल अक्षरांत 'अपूर्ण' लिहून ठेवलं होतं.

मी पाकिटं पालथी घातली. असा फोटो कुठंच नव्हता. युसराला फोन लावला.

"मी नाही टाकला, ताई. तुम्हीच टाकला असेल, उन्हानं लक्षात नसेल. डिलीट कर दूँ क्या?"

"राहू दे," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

बरोबरच होतं तिचं. चाळिशी पार झालेल्या डोक्यात तापलेल्या पत्र्याखाली काय राहणार? मीच काचेवर ठेवला असेल, प्रिंट कपाटामागं पडला असेल. अशी मी स्वतःची समजूत घातली. पण डोळे मात्र त्या सुटलेल्या वेणीवरून हलेनात. कुणीतरी घालता घालता मध्येच उठून गेलं होतं, किंवा ही पोरच पळाली होती.

ठेवायचा म्हणजे नाव द्यायला हवं. मी कळफलकावर हात ठेवले आणि जे नाव सात वर्षं माझ्या तोंडात अडकून होतं ते लिहून टाकलं. केसर.

सांगते. मला एक मुलगी झाली होती. बारशाआधीच गेली. आईचं नाव केसरबाई, म्हणून हिचं केसर ठेवायचं ठरलं होतं. पाळणा आणला होता, घुगऱ्या भिजवायच्या होत्या, आणि नाव कानात सांगायच्या आधीच कान गेला. पुन्हा काही झालं नाही. ह्यांनी आणि मी त्यानंतर ते नाव घरात काढलं नाही. आईचं नाव घ्यायची वेळ आली तरी मी 'आई' एवढंच म्हणायची.

मी बटण दाबलं. लाल अक्षरं गेली.

३

दुसऱ्या दिवशी ती छावणीच्या फोटोत होती.

बैलांच्या रांगेच्या टोकाला, गव्हाणीजवळ, कमरेवर घागर घेऊन. मी तो फोटो आदल्या दिवशीच चढवला होता. प्रिंट समोरच होता. मी तो उचलून पडद्याशेजारी धरला. प्रिंटमध्ये गव्हाणीजवळ कुणीच नव्हतं, नुसता बैलांच्या मुतानं ओला झालेला डाग. पडद्यावर त्याच डागावर ती उभी होती, अनवाणी.

मी उठून माठातलं पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा बघितलं. होतीच.

त्या दिवशी युसरा आली होती. मी तिला दोन्ही दाखवलं. तिनं चष्मा वर केला, खाली केला, प्रिंट उलटा करून मागं बघितलं. मग हळूच "बिस्मिल्ला" म्हणाली आणि आपली खुर्ची मागं सरकवली.

"फाइल खराब होती कधी कधी, ताई."

"खराब होऊन पोरगी होते का?"

"नहीं होती," ती म्हणाली. पिशवी उचलली. "मी आता उद्घाटनालाच येते. तोपर्यंत फोनवर विचारा, हां?"

आणि गेली की. एवढी फटाकडी पोरगी, पण जिन्यावरून तिच्या चपला जशा वाजल्या तशा कधी वाजल्या नव्हत्या. मी मात्र बसून राहिले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्या भीतीच्या पोटात दुसरंही काहीतरी होतं. तापलेल्या बैलांमध्ये ती एकटी उभी होती आणि तिच्या पायात काही नव्हतं.

मी पुढचे फोटो चढवायचे आणि सकाळी ती त्यात आलेली असायची. माझ्यामागून एकेक उन्हाळा ओलांडत. तोंड कधी दिसायचं नाही. कधी पाठ, कधी खाली घातलेली मान. आणि दुपारी दुकानातली गिऱ्हाइकं कमी झाली, रस्त्यावरच्या रिक्षा थंडावल्या की खोलीत एक आवाज यायचा. भरलेली घागर कमरेवर हिंदकळल्यावर पाणी आतल्या आत काठाला लागतं, तो. आमच्या इमारतीची टाकी त्या आठवड्यात कोरडीठाक होती.

४

मग मी काय केलं असेल? सावली शोधली.

सरांच्या पाकिटांत सगळे फोटो दुष्काळाचे, पण एखाद्या फोटोत सावली असतेच की. एका देवळापुढचा लिंब सापडला, भलामोठा, खाली पार. मी क्रम मोडून तो आधी चढवला. सकाळी धावतपळत आले, पदर खोचायचंही भान नव्हतं. ती पारावर बसली होती. घागर शेजारी ठेवलेली, पाय लांब केलेले. मला इतका आनंद झाला की मी एकटीच बोलले, "बस गं बाई, बस जरा."

मग मी रोजच तसं करू लागले. पाणी असलेली विहीर शोधली. जत्रेतलं रेवड्यांचं दुकान शोधलं. एका फोटोत म्हातारी भाकरी थापत बसली होती, तो चढवला, तर दुसऱ्या दिवशी पोर चुलीशेजारी आणि म्हातारीच्या टोपल्यातली एक भाकरी कमी. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. कुणी म्हणेल बाई वेडी झाली. झाले असेन. वेडी झाले तरी माझी पोर जेवली होती.

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता सगळं सांगितलं, नावासकट. सात वर्षांनी ते नाव आमच्या घरात उच्चारलं गेलं. रामहरींचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "उन्हात पायी जात जाऊ नको. रिक्षा कर." मला वाटलं, झालं, ह्यांना मी डोक्यानं गेलेली वाटते.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या डब्याशेजारी एक जुना फोटो ठेवलेला होता. ह्यांच्या गावचा, देवगाव रंगारीचा. गावाबाहेरची चिंच, तिला पंचमीचा झोका बांधलेला, फळीवर कुणी नाही. हे दाराशी पायात बूट घालत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हा लाव तिला."

मी लावला. दुष्काळाच्या संग्रहात झोका बघून सर काय म्हणतील याची पर्वा केली नाही. दुसऱ्या दिवशी ती फळीवर उभी राहून उंच गेली होती, केस तोंडावर आलेले, फ्रॉक फुगलेला. ह्यांचा फोन आला. कंपनीतून ते कधी फोन करत नसत.

"बसली का?"

"उभी राहिलीय."

"आगं, मग घट्ट धर म्हणावं. पडंल."

मी पडद्याला तसं सांगितलं. तो आठवडा आम्ही आईबाप होतो.

५

उद्घाटन जवळ आलं तसं सरांनी मला सुरुवातीपासून सगळं तपासायला सांगितलं. मी बहात्तरच्या रांगा उघडल्या आणि तिथं एक बाई दिसली.

अगदी लांब, क्षितिजाला लागून, तलावाच्या त्या पहिल्या फोटोत. केसर तर तिथून केव्हाच पुढं आली होती. तिथं आता नुसती भेगाळलेली जमीन आणि ही बाई. डोक्यावर पदर नाही. आमच्या भागातली बाई तसल्या उन्हात डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. घाईघाईनं घर सोडलं तरच.

दुसऱ्या दिवशी ती छावणीत होती, गव्हाणीजवळ वाकून जमिनीकडं बघत.

मी प्रिंट काढला नाही. आता त्याची गरज नव्हती. पण मग फोटोतली बाकीची माणसं बघितली. छावणीतला म्हातारा, जो माझ्या चांगला ओळखीचा झाला होता, जो बिडी ओढत कॅमेऱ्याकडं बघायचा, त्यानं आता मान वळवली होती आणि बोट लांब केलं होतं. उजवीकडं. पुढच्या फोटोच्या दिशेनं. खडी फोडणाऱ्या बायांनी हातोडे खाली ठेवले होते आणि त्यांचे हात उजवीकडं. टँकरपुढची अख्खी रांग, बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांचे हात एकाच बाजूला उठलेले. ती विचारत येत होती आणि सगळे तिला वाट दाखवत होते.

कोण आहे हे मला लगेच कळलं. कळलं म्हणूनच राग आला. रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं बोलले, "इतके दिवस कुठं होतीस गं? मी सांभाळलीय तिला. माझी आहे ती."

खाली चष्म्याच्या दुकानातला रेडिओ चालू होता. फक्त घागरीचा तो आवाज थांबला, आणि तो थांबल्यावर खोली फार मोकळी वाटायला लागली.

मग मी पळायला लागले. दिवसभर फोटो चढवले. ना गाव लिहिलं, ना साल धड लिहिलं, नुसतं पुढं पुढं. काच हाताला चटके द्यायला लागली. केसर माझ्यामागून यावी आणि ती बाई मागं राहावी, एवढंच डोक्यात. बाई पळत नव्हती. ती एकेक विहिरीत वाकून बघत होती. तरी रोज अंतर कमी व्हायचं.

६

ती झोक्याच्या फोटोत पोचली त्या दिवशी मला वाटलं, आता संपलं.

पोर पुढं जाऊन परत आली होती. पुन्हा फळीवर होती. बाई झोक्याशेजारीच उभी, एक हात दोरावर. आणि पोरीनं दोन्ही हात सोडून तिच्याकडं पसरले होते, अंगच झोकून दिलं होतं तिच्याकडं. वीतभर अंतर असेल. आणि बाई तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत होती.

मी पुढचा फोटो उघडला. बाई तिथंही होती, एका कोरड्या विहिरीच्या काठावर. पोर तिच्यामागं, तिचा पदर मुठीत धरून. बाई विहिरीत बघतेय. त्याच्या पुढचा. पोर तिच्या पायाशी बसलेली, गुडघ्याला मिठी मारून. बाईचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ओरडत होती. पायाला बिलगलेल्या पोरीला हाका मारत होती.

मला रडू फुटलं. ती माझ्यावर सूड उगवायला वगैरे आली नव्हती. ती आई होती आणि तिला दिसत नव्हतं.

घरी आले तर आबा गेटजवळच्या कट्ट्यावर बसले होते. समोर आमच्या वस्तीचे नवे प्लॉट, चुन्यानं आखलेले. तिकडं बघत त्यांची संध्याकाळ जायची. मी शेजारी बसले.

"आबा, चुकलेलं कोकरू आपल्या कळपात आलं तर काय करायचं?"

आबांनी मान वळवली. मेंढरांचं कुणी विचारलं की त्यांचा आवाज बदलायचा.

"काय करायचं म्हंजी? पानी पाजायचं. सावलीला घ्यायचं. हाकलायचं नाय, उपाशी ठिवायचं नाय."

"आणि कुणी न्यायला आलं तर?"

"मालक येतोय मागून. आधी त्याची आई येती. वरडत वरडत येती, वास काढत." त्यांनी बोट वर केलं. "पन खूण नाय करायची. आपल्या कळपाच्या गेरूचा हात त्याच्या पाठीवर पडला का मंग झालं. त्याचा वास जातोय. आई अंगाला अंग लावून हुभी ऱ्हाती आन् दुसरीकडं तोंड करून वरडती. ते बिचारं तिच्या पोटाखाली, आन् तिला म्हाईतच नाय. लई वंगाळ असतंय ते बघायला."

आबांनी माझ्याकडं नीट बघितलं. कळपाच्या दाराशी उभं राहून बघायचे तसं.

"तू केली का खूण?"

"केली."

"कंची?"

"आईचं नाव दिलं."

आबांनी तोंड प्लॉटांकडं वळवलं. आपल्या बायकोचं नाव, नातीला द्यायचं राहिलेलं नाव. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पुसावं लागंल, बाये."

"मग ती जाईल, आबा."

"व्हय. जाईल." हात तिथंच होता. "परक्याचं कोकरू आपल्यापरीस जास्त लळा लावतंय. का, तर ते जानार असतंय."

सकाळी ह्यांना सांगितलं. हे आरशासमोर भांग पाडत होते. फणी थांबली, पुन्हा चालू झाली.

"दे तिची तिला," म्हणाले. आणि डबा न घेताच गेले.

७

त्या दुपारी मी कचेरीत एकटी होते. सर मांडववाल्याकडं गेले होते. जाण्याआधी त्यांनी एक काम मात्र करून ठेवलं होतं. उद्घाटनासाठी त्यांनी आमच्या खोलीचाच फोटो काढला होता, नव्या कॅमेऱ्यानं. मी टेबलाशी बसलेली, समोर मशीन, मागं उघडं दार आणि जिना. तो त्यांनी स्वतः चढवला होता. रांगेतला शेवटचा.

मी तो उघडला. माझ्या खुर्चीमागं ती उभी होती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. आणि दारात, चौकटीनं अर्धी कापलेली, ती बाई.

जिन्यावर पावलं वाजली. चपला नव्हत्या. तापलेल्या फरशीवर अनवाणी माणूस चालतं तशी, टाचा उचलून. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. मी स्वतःला सांगितलं की खाली गिऱ्हाईक असेल, पाणीवाला असेल, कुणीही असेल. पावलं दाराशी येऊन थांबली. बाहेर चौकात हॉर्न वाजत होते आणि आत तापलेल्या मातीचा वास दाटला.

माझ्या खुर्चीची पाठ किंचित मागं दबली. अगदी किंचित. बारका हात असावा एवढीच.

मी मागं वळले नाही. भीतीनं नाही म्हणत. वळले असते तर तिचं तोंड दिसलं असतं, आणि तोंड दिसलं असतं तर मला नाव पुसता आलं नसतं.

पहिला फोटो उघडला. आटलेला तलाव. खाली नाव, केसर. मी एकेक अक्षर पुसलं. चौकट रिकामी झाली. बटण दाबलं, तर सॉफ्टवेअरनं लाल अक्षरांत सांगितलं, 'शीर्षक आवश्यक आहे.' युसरानं सांगितलेलं साहेबांचं तंत्र. नावाशिवाय पुढं सरकणार नाहीत.

आता काय लिहू? तिचं खरं नाव मला कुठं माहीत होतं? ते माहीत असणारी दारात उभी होती. 'अनाम' लिहिलं तर तीही एक खूणच. 'मुलगी' लिहिलं तर कुणाची? मी बसून राहिले आणि खुर्चीच्या पाठीवर तो हात होता. दारातून एक हाक आली. शब्द नव्हते त्यात, किंवा मला ऐकू आले नाहीत. बसलेल्या गळ्याची, किती गावं ओलांडून आलेली हाक. आणि माझ्या कानामागून, अगदी जवळून, त्या हाकेला हुंदका आला.

"रडू नको," मी म्हटलं. "थांब. लिहिते."

आणि लिहिलं. एकेक अक्षर शोधून दाबलं, दोन अक्षरांमध्ये डोळे पुसले. ही आमची नाही.

बटण दाबलं. लाल अक्षरं गेली आणि त्याच क्षणी लाईट गेली.

पडदा काळा झाला. काळ्या पडद्यात मागचं दार दिसत होतं, जिन्यावरच्या उजेडाचा चौकोन. त्यात ती बाई गुडघे टेकून बसली होती. तिनं वाकून काहीतरी जवळ घेतलं होतं आणि त्याच्या डोक्याचा वास घेत होती. लांब, खोल, पुन्हा पुन्हा. एका बाजूला सुटलेली वेणी लोंबत होती. एवढंच मी बघितलं. मग मी डोळे मिटले. ते बघायचा हक्क माझा नव्हता.

मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. माझ्या उजव्या हाताशी, टेबलावर, कुणीतरी जड भांडं अलगद ठेवलं. मग पावलं जिना उतरली. जाताना पावलं दोन माणसांची होती, आणि त्यातली लहान पावलं उड्या मारत होती.

८

उद्घाटन झालं. मांडव, हार, भाषणं सगळं झालं. भाषणात सरांनी पडद्यावर तो तलावाचा फोटो लावला आणि अडखळले. नुसती भेगाळलेली जमीन, आणि खाली 'ही आमची नाही'. मग त्यांनीच त्याचा अर्थ लावला, की ही धरणी आपल्या मालकीची नाही वगैरे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून युसरानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती पुढं येऊन माझ्या शेजारी बसली आणि उद्घाटन संपेपर्यंत तिनं माझा हात धरून ठेवला. छावणीतला म्हातारा पुन्हा बिडी ओढत कॅमेऱ्याकडं बघतो. देवगावचा झोका मी अजून काढलेला नाही. फळी रिकामी आहे.

पण हे नंतरचं. त्या दुपारी मी डोळे उघडले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर घागरही नव्हती. तिथं फक्त पाण्याचं एक गोल कडं उमटलेलं होतं, पितळी घागरीच्या बुडाएवढं.

लाईट आली नव्हती. जिन्यावर बूट वाजले आणि हे आत आले, कंपनीच्या कपड्यांतच. अर्ध्या पाळीतून सुट्टी घेऊन आले होते. माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं, मग खुर्चीमागं.

"गेली?"

"गेली. आई भेटली तिला."

"बरं झालं," म्हणाले. युसराची खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले. मी त्यांना ते कडं दाखवलं. त्यांनी बोट पुढं केलं आणि टेकवायच्या आधीच मागं घेतलं.

"केसर," मी म्हटलं. त्या दुसऱ्या पोरीला नाही, आमच्या पोरीला. बारशाला कानात सांगतात तेवढ्याच आवाजात. ह्यांनी ऐकलं आणि मान हलवली.

ते पाणी आम्ही पुसलं नाही. दोघंही वाळेपर्यंत बघत बसलो. उन्हाळा होता, फार वेळ लागला नाही.